परत येणाऱ्याला देव माफ करतो म्हणजे काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं इंदूरला रामबागेतल्या एका घरी प्रार्थनेला जमतो. काही रेड चर्चला जाणारे कॅथलिक, काही व्हाइट चर्चकडचे प्रोटेस्टंट, आणि दोन-तीन शेजारी जे ख्रिस्ती नाहीत पण भजनाला येतात. दाराजवळ श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय, ज्याला तोंडाने विचारायचा संकोच वाटतो त्याने चिठ्ठी टाकायची. ईस्टरआधीच्या उपवासकाळात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय वाचला की डबा भरतो. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. चिठ्ठ्यांची भाषा थोडी सुधारली आहे. ‘माफी मिळते की नाही, सच सच सांगा’ असली आमची इंदुरी मराठी बाहेरच्या वाचकाला झेपेलच असं नाही.

१. उधळ्या पुत्राची गोष्ट सगळे गृहीत धरून बोलतात. मला ती माहीतच नाही. थोडक्यात सांगाल का?

एका माणसाला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझा वाटा आत्ताच द्या. बाप देतो. मुलगा दूर देशी जाऊन सगळं उडवतो, तेवढ्यात तिथे दुष्काळ पडतो, आणि पोरगा डुकरं राखायच्या कामाला लागतो. यहुदी माणसाला डुक्कर निषिद्ध, तेव्हा यापेक्षा खाली जायला जागाच नव्हती. डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतात, पण त्याही कोणी देत नाही. मग तो ठरवतो की घरी जाऊन बापाला सांगायचं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला गड्यासारखं ठेवा. तो अजून लांब असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो, चांगला झगा, अंगठी, पायताण देतो आणि पोसलेलं वासरू कापून जेवणावळ घालतो. थोरला शेतातून येतो, गाणं-वाजवणं ऐकतो आणि रुसून बाहेरच थांबतो. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. गोष्ट तिथेच थांबते.

‘उधळ्या’ हे नाव येशूने दिलेलं नाही, ते मथळा देणाऱ्यांचं आहे. रंगपंचमीची गेर पाहिलेल्या इंदूरकरांना उधळणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

२. देवाला ‘बाप’च का? आपल्याकडे तर देवाला माउली म्हणतात.

म्हणा की. बायबललाही ते चालतं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? ती एकवेळ विसरेल, मी विसरणार नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो म्हणतो की आई सांत्वन करते तसं मी तुमचं सांत्वन करीन. लूकच्या त्याच पंधराव्या अध्यायात मुलाच्या गोष्टीआधी एक बाई आहे. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून ती दिवा लावून, घर झाडून ते शोधते. गोष्टीत ती बाईही देवाच्याच जागी आहे.

येशू स्वतः प्रार्थनेत ‘अब्बा’ म्हणतो. हा उर्दू शब्द का, असं एका चिठ्ठीत विचारलं होतं. तो अरामी आहे, येशूच्या रोजच्या बोलीतला. आपल्या बाबा-आबाच्या जवळ जाणारा, घरात वापरायचा शब्द. ‘पिता’ ऐकलं की आपल्याला भिंतीवरचा हार घातलेला फोटो आठवतो, तसा तो नाही.

३. माझे वडील दारू पिऊन आईला आणि आम्हाला मारायचे. ‘देव पिता’ म्हटलं की अंगावर काटा येतो. मी काय करू?

त्या शब्दाने प्रार्थना करू नका. ‘प्रभू’ म्हणा, ‘माउली’ म्हणा (प्रश्न २), काहीच म्हणू नका. सत्ताविसाव्या स्तोत्रात एक वाक्य आहे, त्याचा भाव असा की आईबापांनी मला टाकलं तरी परमेश्वर मला जवळ करील. म्हणजे बाप टाकू शकतो हे त्या स्तोत्राला ठाऊक आहे, आणि देवाचं माप तुमच्या वडिलांवरून घ्यायचं नाही हेही. गोष्टीतल्या बापाचा हात एकदाही उगारलेला नाही, एवढंच सध्या लक्षात ठेवलंत तरी खूप. त्या वडिलांना माफ करायचं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची घाई नाही. त्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

४. तो पोरगा तर भुकेपोटी परत आला. याला पश्चात्ताप म्हणायचं? आणि मला रडूच आलं नाही तर?

पश्चात्ताप या शब्दानेच आपला घोटाळा केलाय. पश्चात् ताप, मागाहून होणारी होरपळ. म्हणून आपल्याला वाटतं की जितकं होरपळू तितकी माफी पक्की. जुन्या करारातला हिब्रू शब्द साधा आहे: वळणं, माघारी फिरणं. ती पायांची क्रिया आहे.

आणि हो, तो भुकेपोटीच आला. येशूने ते लपवलेलं नाही. मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवतात बापाच्या गड्यांच्या भाकऱ्या, बापाचं दुःख नाही. तो वाक्यं घोकून येतो. बाप त्याला ती पुरी करू देत नाही, ‘मला गड्यासारखं ठेवा’ हे म्हणायच्या आतच तो झगा आणायला सांगतो. हेतू शुद्ध झाल्यावर निघायचं म्हटलं तर कोणीच निघणार नाही.

५. बाप धावला, यात एवढं काय? कुठलाही बाप धावेल.

धावेल का? त्या काळचा जमीनजुमलेवाला, गडीमाणसं राखणारा कर्ता माणूस. झगा वर खोचून, नडग्या उघड्या टाकून, गावादेखत पळतोय. ज्या मुलाने बाप जिवंत असताना वाटा मागितला, म्हणजे ‘तुम्ही गेलात असं धरतो’ म्हणून सांगितलं, त्याच्यासाठी.

माझंच सांगतो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना वडिलांचे पैसे घेऊन पुण्याला गेलो होतो, धंदा करतो म्हणून. दीड वर्षात बुडालो. फोन बंद केला. शेवटी दादाला एक मेसेज टाकला की उद्या पहाटेच्या गाडीने येतोय. सरवटे स्टँडवर उतरलो तर बाबा समोर. साडेचार वाजले असतील. त्यांनी बॅग घेतली, स्कूटरच्या पायाशी ठेवली, म्हणाले, ‘बस.’ मान खाली होती म्हणून माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात त्यांची काळी चप्पल, दुसऱ्यात दादाची निळी. अंधारात हाताला लागली ती घालून निघाले होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. वाटेत एका टपरीवर त्यांनी दोन प्लेट पोहे सांगितले आणि माझ्या पोह्यांवर जास्तीची शेव टाकायला लावली. पैशांबद्दल त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही.

घरी दादा चप्पल शोधत होता आणि जाम चिडला होता. त्याचं पुढे प्रश्न ९ मध्ये.

६. वासरू कापलं हे वाचताना आम्हाला कसंसंच होतं. ते वगळून गोष्ट सांगता येईल का?

आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी हे विचारतात आणि त्यांचं खरं आहे, आपल्या कानांना ते टोचतं. तो मेंढपाळ-शेतकऱ्यांचा समाज होता. मांस सणासुदीलाच, आणि पोसलेलं वासरू म्हणजे मोठ्या प्रसंगासाठी राखलेली चीज. घरातली चार माणसं ते संपवू शकत नाहीत, तेव्हा अर्थ असा की गाव जेवायला बोलावलं. मुलाची लाज गावात झाली होती, तर मानही गावातच मिळाला. तुम्ही सांगताना पुरणाची पंगत म्हणा. गोष्टीचं काही बिघडत नाही.

७. माफी मिळाली म्हणजे परिणाम टळले का? मग कर्माचं काय? पेरावं ते उगवतं ना?

उगवतं. येशूचा प्रेषित पौल यानेही गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलंय, माणूस जे पेरतो त्याचंच पीक घेतो. धाकट्याला झगा मिळाला, अंगठी मिळाली, पण उडवलेला वाटा पुन्हा मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उलट बाप थोरल्याला सांगतो की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. दावीद राजाने दुसऱ्याची बायको नेली आणि तिच्या नवऱ्याला मरायला पाठवलं. त्याने कबुली दिली, नाथान संदेष्ट्याने माफी सांगितली, तरी घरातली उलथापालथ चुकली नाही.

फरक आहे तो नात्यात. कर्माचा हिशोब ज्याचा त्याने फेडायचा असतो. इथे मुलाचं मुलगापण हिशोबाच्या बाहेर काढून ठेवलंय. हिशोब राहतो, तो घरात बसून चुकता करायचा. जक्कय नावाच्या जकातदाराने तसंच केलं. येशू त्याच्याकडे जेवायला गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. घरी येणं आधी, चौपट नंतर. तेव्हा कोणाचे पैसे बुडवले असतील तर प्रार्थना करून मोकळे होऊ नका, हप्ते बांधून घ्या.

८. तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. कितव्यांदा गेलो की देव कंटाळतो? आणि क्षमा न होणारं पाप म्हणतात ते मी केलंय का?

येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारलं होतं, भावाला सात वेळा माफ करू का? येशू म्हणाला, सातच्या सत्तरपट. माणसाकडून एवढी अपेक्षा करणारा देव स्वतः आठव्या वेळी दार लावेल, हे पटत नाही. पेत्राला पुढे याचा उपयोग झाला. येशूच्या अटकेच्या रात्री कोळशाच्या शेगडीपाशी ऊब घेत त्याने येशूला तीनदा नाकारलं. नंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, आणि येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने कोळसा दोन्हीकडे मुद्दाम लिहिलाय असं मला वाटतं.

पण दारूसारखी गोष्ट असेल तर माफी आणि उपचार दोन्ही हवेत. माफ झालेल्या माणसाचंही लिव्हर खराब होतं.

क्षमा न होणाऱ्या पापाचं वाक्य मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. येशू लोकांना बरं करतोय हे डोळ्यांनी पाहूनही ‘हे सैतानाचं काम’ म्हणणाऱ्या शास्त्र्यांना त्याने ते सुनावलं. चांगल्याला जाणूनबुजून वाईट म्हणत राहिलं की माफी मागावीशीच वाटत नाही. तुम्हाला ते पाप घडल्याची भीती वाटतेय, याचाच अर्थ तुमचं मन तसं निबर झालेलं नाही.

९. मी आईचं आठ वर्षं सगळं केलं. भाऊ परदेशातून पंधरा दिवसांसाठी आला तर आईने त्याच्यासाठी करंज्या करायला लावल्या, त्याही मलाच. देवाचा न्याय असाच आहे का?

ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. डब्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या थोरल्याच्या असतात, अक्षर आणि नाव तेवढं वेगळं. साहजिक आहे, धाकटे दूर देशी असतात, प्रार्थनेला येतात ते थोरले. ही गोष्ट सांगितली गेली तीही त्यांच्यासाठीच. अध्यायाच्या सुरुवातीला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, कुरकुरतात की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. त्यावर येशूने एकामागून एक तीन गोष्टी सांगितल्या: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हा मुलगा.

थोरल्याची तक्रार खोटी नाही, हे आधी कबूल करू. मोशेच्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याचा एक तृतीयांश. तो गेला. उरलेलं आता थोरल्याचं. ते वासरू, ती अंगठी, सगळं एका अर्थाने त्याच्या वाट्यातून खर्च होतंय, आणि त्याला विचारलेलं नाही. शेतातून येईपर्यंत निरोपही पाठवलेला नाही! प्रवचनात त्याला हेवेखोर म्हणून निकालात काढतात, ते मला मान्य नाही.

पण तो काय बोलतो ते बघा. इतकी वर्षं तुमची गुलामी केली, म्हणतो. मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला एक करडूही दिलं नाहीत. भावाला भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, आणि वेश्यांचा उल्लेख तोच पहिल्यांदा करतो, त्याआधी गोष्टीत त्यांचं नावही नाही. घरात राहून तो गडी झाला होता. धाकटा जे मागायला आला होता, ते थोरला कधीचा होऊन बसला होता.

बाप काय करतो? पाहुणे सोडून बाहेर येतो. त्या दिवशी तो दुसऱ्यांदा घराबाहेर पडलाय, एकदा एकासाठी, एकदा दुसऱ्यासाठी. ‘बाळा’ म्हणतो. तू नेहमी माझ्याजवळच आहेस. आणि हळूच दुरुस्ती करतो, ‘हा तुझा भाऊ’. थोरला आत गेला का, ते लूकने लिहिलेलं नाही.

करंज्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की आईला सांगा. भांडा हवं तर. थोरल्याने निदान बापाच्या तोंडावर सांगितलं, आणि बाप त्यावर रागावला नाही. आमच्या दादाने चपलेवरून जो आरडाओरडा केला त्यात चप्पल कमी आणि दीड वर्षं जास्त होतं. बाबांनी तो संपेपर्यंत ऐकला. नंतर त्याच्यासाठी चहा त्यांनी स्वतः टाकला, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, कारण साखरेऐवजी मीठ पडलं. दादा प्यायला तो.

१०. देव मला माफ करतो, म्हणून माझं वाटोळं करणाऱ्यालाही मी माफ करायलाच हवं का?

हो, असं येशू म्हणतो. ते मी सौम्य करून सांगू शकत नाही. त्याने गोष्ट सांगितली ती दोन कर्जांची. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजाने सोडलं. त्याच चाकराने बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत सुमारे ६,००० दिनारांचा. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी सुटलेला माणूस १०० दिवसांच्या मजुरीसाठी माणसाला तुरुंगात टाकतोय.

हे जमतं का? आपल्या इंदूरच्याच धर्मप्रांतात जमलेलं आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, उदयनगर भागात आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना प्रवाशांसमोर भोसकून मारलं. त्यांची सख्खी धाकटी बहीण सेल्मीही त्यांच्याच धर्मसंघाची नन. तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटला आणि केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला, तेव्हा त्या म्हातारीने त्याच्या हातांचे मुके घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ ला राणी मारियांना इंदूरमध्ये ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. राखी लगेच बांधली गेली नव्हती, मध्ये वर्षं गेली, हे मात्र सांगणाऱ्यांनी गाळू नये.

माफ करणं म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे. मारेकऱ्याने शिक्षा भोगली. नवरा मारत असेल तर पोलिसांत जा, वेगळ्या राहा, आणि ‘ख्रिस्ती बाईने सोसावं’ असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. माफी म्हणजे सूड आपल्या हातातून खाली ठेवणं. समेटाला दोन माणसं लागतात, आणि समोरचा वळला नसेल (प्रश्न ४) तर तो होत नाही. गोष्टीतला बाप दूर देशी जाऊन मुलाबरोबर राहिला नाही.

११. कन्फेशनला जावंच लागतं का? सरळ देवाला सांगितलं तर?

इथे आमच्यातच दोन मतं आहेत. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापं वर्षातून निदान एकदा फादरपुढे कबूल करायची असतात. ऐकलेलं फादर कोणालाही, कोर्टालाही सांगू शकत नाहीत, फोडलं तर ते धर्मबहिष्कृत होतात. प्रोटेस्टंट म्हणतात की मध्यस्थ ख्रिस्त एकच, आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. मात्र याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही लिहिलंय, तेव्हा पाळकसाहेबांशी किंवा भरवशाच्या माणसाशी बोलायला प्रोटेस्टंटांनाही मनाई नाही. माझा अनुभव एवढाच की मनात म्हटलेलं पाप धूसर राहतं, आणि तोंडाने म्हटलं की त्याला कडा येतात.

१२. मरताना माफी मागितली तर चालते का?

चालते. क्रुसावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला येशूने ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं वचन दिलं. पण त्याने तसं ठरवून ठेवलेलं नव्हतं.

१३. आमचा मुलगा सात वर्षं घरी नाही. हरवलेलं मेंढरू शोधायला मेंढपाळ गेला, मग मुलाला शोधायला बाप का गेला नाही?

हा प्रश्न एका आईचा आहे, म्हणून जपून लिहितो. मेंढराला वाट कळत नाही, नाणं तर निर्जीव. मुलगा ठरवून गेला होता. ओढून आणला असता तर घरात एक कैदी वाढला असता. म्हणून बापाने दोन गोष्टी केल्या नाहीत: मागून पैसे पाठवले नाहीत आणि वाटेवरची नजर काढली नाही. नजर काढली असती तर इतक्या लांबून दिसला नसता.

आमच्यातल्या एका काकूंनी घरची लँडलाइन अजून ठेवली आहे. सगळ्यांकडे मोबाइल आहेत, त्या फोनवर आता फक्त कर्ज हवंय का विचारणारे येतात. पण मुलाला पाठ असलेला नंबर तोच, म्हणून त्या बिल भरत राहतात. दर महिन्याला फोन पुसतात आणि उचलून टोन येतो का बघतात. मुलाचा फोन अजून आलेला नाही. यापेक्षा जास्त काय करायचं, ते मला सुचत नाही.

१४. नऊ-दहा वर्षांनी चर्चला यायचंय, पण सगळे ओळखतात. पहिल्या दिवशी काय करू?

पहिलं गाणं सुरू झाल्यावर या, तेव्हा माना पुस्तकात असतात. मागच्या दाराजवळचा बाक धरा. प्रभुभोजनाला उठायची किंवा मिस्सात कम्युनियन घ्यायची त्याच दिवशी सक्ती नाही, त्याबद्दल आधी पाळकांशी किंवा फादरशी बोला. कोणीतरी ‘अरे, किती वर्षांनी!’ म्हणणारच. हसून ‘हो ना’ म्हणा, खुलासा देऊ नका.

आणि जे दर रविवारी येतात त्यांना विनंती: ‘होतात कुठे इतके दिवस?’ विचारू नका. सरकून जागा द्या, आणि गाण्याचा नंबर सांगा.